आडनावावर थांबावं

एखाद्या खाडीची तब्येत बरी आहे की नाही हे कोण ठरवतं, असं विचारलं तर लोक म्हणतील प्रदूषण मंडळ, नाहीतर कोर्ट. माझं उत्तर वेगळं आहे. ते ठरवतो शिवणाच्या दोऱ्याएवढा जाड, तांबडा, चिखलात राहणारा एक किडा, आणि त्याच्या अंगावरचे केस मोजत बसलेला एक माणूस. त्यातला किडा मुबलक आहे. माणसं कमी होत चालली आहेत, आणि जी आहेत त्यांना मोजायला वेळ दिला जात नाही. आजचं सगळं पुराण याच विषयावर आहे. ज्यांना किड्यांची किळस येते त्यांनी इथूनच परत फिरावं, राग नाही.

किड्याचं नाव कॅपिटेला. गांडुळाचा समुद्रातला लांबचा भाऊबंद म्हणा. या मंडळींना पॉलिकीट म्हणतात, म्हणजे पुष्कळ केसवाले. ज्यांनी झूऑलॉजी घेऊन बीएस्सी केलंय त्यांना नेरीस आठवेल, आणि नेरीसच्या पॅरापोडियमची ती स्लाइड, जी स्पॉटिंगला हमखास यायची आणि पाठ करून लिहायची असायची. त्या नेरीसच्या कुटुंबात डोळे, मिशा, जबडे असा सगळा थाट असतो. कॅपिटेलाला यातलं काहीच नाही. डोकं म्हणजे एक साधा शंकू. पाय म्हणावेत असे पाय नाहीत. अंगात रक्तवाहिन्यासुद्धा नाहीत. लाल रंग येतो तो शरीराच्या पोकळीतल्या द्रवात तरंगणाऱ्या हिमोग्लोबिनच्या पेशींमुळे. (मामी, तुम्ही विचारलं होतं ना, "त्या किड्यांत बघण्यासारखं असतं तरी काय?" तर हे असं, जवळजवळ काहीच नसतं. म्हणून तर बघावं लागतं.)

आता हा किडा एवढा महत्त्वाचा का? कारण तो घाणीत सुखी असतो. सांडपाणी, माशांच्या शेतीखालचा गाळ, तेल सांडलेला किनारा, जिथे प्राणवायू कमी आणि सेंद्रिय कचरा जास्त, तिथे बाकीचे मरतात किंवा निघून जातात आणि हा हजारोंनी वाढतो. १९७८ मध्ये पिअरसन आणि रोझेनबर्ग या दोघांनी सेंद्रिय गाळ वाढत गेला की समुद्रतळावरची वस्ती कशी बदलते त्याचं एक चित्र मांडलं. त्यात अगदी बिघडलेल्या टोकाला असले छोटे, झटपट वाढणारे किडे आहेत. पुढे २००० मध्ये स्पेनमधल्या बोर्हा आणि सहकाऱ्यांनी 'अँबी' नावाचा निर्देशांक आणला. त्यात समुद्रतळावरच्या प्राण्यांना पाच गटांत टाकायचं: पहिला गट नाजूक मंडळींचा, पाचवा घाणीत फोफावणाऱ्यांचा. कॅपिटेला पाचव्यात. आपल्या नमुन्यात कुठल्या गटाचे किती किडे ते मोजायचं, गणित करायचं, आणि एक आकडा येतो. त्या आकड्यावरून खाडी ठीक, मध्यम की वाईट ते ठरतं. बंदराच्या विस्ताराचा अहवाल असो की सांडपाण्याच्या नळाचा, ही पद्धत आता आपल्याकडेही वापरतात.

गणित संगणक करतो. पण संगणकाला यादी द्यावी लागते, आणि यादीतलं प्रत्येक नाव कोणीतरी सूक्ष्मदर्शकात डोळा घालून लिहिलेलं असतं. नाव चुकलं की गट चुकतो, गट चुकला की आकडा. एरवी त्या अहवालात नकाशे, आलेख, रंगीत तक्ते असं सगळं असतं, पण त्या सगळ्याच्या तळाशी हा दोरा आहे. शब्दशः.

बरं, मग ओळखायचं कसं? इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण हाच माझा आवडीचा भाग.

खाडीच्या तळातून एका लोखंडी जबड्याने चिखल काढतात. तो अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुतात. चाळणीत जे उरतं ते फॉर्मॅलिनमध्ये, आणि त्यात रोझ बंगाल नावाचा रंग टाकतात म्हणजे जिवंत असलेलं सगळं गुलाबी होतं आणि काड्या-कचऱ्यातून वेचायला सोपं जातं. वेचल्यावर एका बशीत पन्नास-शंभर गुलाबी दोरे पडलेले असतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते सगळे एकच वाटतात. साध्या भिंगातून काही तासांनी 'कॅपिटेलिडे' हे कुटुंब नजरेत बसायला लागतं: टोकदार डोकं, पुढचा भाग थोडा फुगीर, मागचा बारीक आणि लांब. पुढच्या भागाला छाती म्हणू, मागच्याला पोट.

कुटुंब कळलं. पण त्या कुटुंबात बऱ्याच प्रजाती आहेत, म्हणजे जीनस. आणि त्या वेगळ्या ओळखायच्या त्या मोजून. प्रत्येक वलयावर दोन प्रकारची शस्त्रं असू शकतात. एक केसासारखे लांब, निमुळते रोम. दुसरे आखूड आकडे, ज्यांच्या टोकाला पारदर्शक टोपी असते. कुठल्या वलयापर्यंत केस आहेत आणि कुठून आकडे सुरू होतात, हाच सगळा खेळ. नोटोमास्टसच्या छातीवर अकरा रोमधारी वलयं, आणि अकराही वलयांवर केसच. हेटेरोमास्टसला पहिल्या पाचांवर केस, मग सहा वलयांवर आकडे. मेडिओमास्टसला छातीवर दहाच रोमधारी वलयं, पहिल्या चारांवर केस, पुढच्या सहांवर आकडे. या तिघांतही तोंडाजवळचं पहिलं वलय उघडं, त्यावर काहीच नाही. कॅपिटेलाला मात्र रोम डोक्यामागे लगेचच सुरू होतात, मध्ये उघडं वलय नाही, आणि छातीवर एकूण नऊ. नर असेल तर आठव्या आणि नवव्या वलयाच्या पाठीवर जाड, वाकडे काटे असतात, मादीला धरून ठेवण्याच्या कामाचे. ते दिसले की जीव भांड्यात पडतो. पण मादीला आणि पोराटोरांना ते नसतात, म्हणजे अर्ध्याहून अधिक वेळा पुन्हा मोजणी.

चार की पाच, नऊ की दहा. इतकंच. पहिलीतल्या पोराला जमेल असं वाटतं ना? करून बघा. किडा कुरवंडी होऊन वळलेला असतो. पहिल्या वलयावरचे केस तुटलेले असतात. आकडा आणि केस यांतला फरक चारशेपट मोठं केल्याशिवाय खात्रीने दिसत नाही, आणि तेवढं मोठं केलं की आपण कितव्या वलयावर होतो ते विसरायला होतं. मग परत डोक्यापासून. एका किड्याला दहा मिनिटं लागणं अजिबात नवल नाही, आणि बशीत शंभर आहेत. शिवाय चाळणीत निम्मे तुटतात. नियम असा की फक्त डोकी मोजायची, शेपट्या नाही, नाहीतर एकाचे दोन किडे होतात. शेपटीवरून प्रजाती सांगता येत नाहीच.

त्यात आणखी एक गंमत आहे, आणि ती मला फार आवडते. १९८२ मध्ये हेटेरोमास्टसबद्दल असं दाखवून दिलं गेलं की वय वाढेल तसे या किड्याचे रोम बदलतात. जिथे लहानपणी आकडे असतात तिथे मोठेपणी केस येतात. म्हणजे हेटेरोमास्टसचं पोर मोजलं तर पहिल्या चारच वलयांवर केस दिसू शकतात, आणि आपण बिनधास्त मेडिओमास्टस लिहून मोकळे. तेव्हा आकडा जमला म्हणून काम संपत नाही. किडा केवढा आहे, त्याच बशीत त्याचे थोरले कसे आहेत, हेही बघायला लागतं. घरात एकटं पोर दाखवून ते कुणाचं विचारलं तर चुकेल, अख्खं घर दाखवलं तर बरोबर सांगता येतं, तसं.

आता मुद्द्यावर येते. माझी तक्रार प्रजातीबद्दल नाहीच. ती आहे पुढच्या शब्दाबद्दल.

प्राण्याच्या शास्त्रीय नावात दोन शब्द असतात. आपल्या सरकारी यादीसारखं आडनाव आधी, नाव नंतर. कॅपिटेला हे आडनाव. त्यापुढे अहवालांत जवळजवळ ठरून एक शब्द येतो: कॅपिटाटा. भारताच्या कुठल्याही किनाऱ्यावरचा, कितीही उन्हाळी पाण्यातला किडा असो, तो 'कॅपिटेला कॅपिटाटा'. हे नाव मुळात कुठून आलं ते बघण्यासारखं आहे. ओटो फाब्रिसियस नावाचा डॅनिश मिशनरी १७६८ ते १७७३ या काळात ग्रीनलंडला राहिला. तिथल्या प्राण्यांवर त्याने १७८० मध्ये लॅटिनमध्ये पुस्तक छापलं, त्यात हा किडा आहे, आणि त्याने त्याला चक्क गांडुळाच्या प्रजातीत घातलंय. १८२८ मध्ये ब्लांव्हिलने कॅपिटेला ही प्रजाती केली. म्हणजे कॅपिटाटा हा ग्रीनलंडचा रहिवासी. त्याचं वर्णन इतकं मोघम की पुढची दोनशे वर्षं जगभर जिथे जिथे असा किडा सापडला तिथे तिथे तेच नाव चिकटलं. जणू पृथ्वीवर सगळीकडे एकच किडा.

आपल्याकडे यात पिएर फोव्हेल या फ्रेंच अभ्यासकाचा वाटा मोठा आहे. त्यांचा 'फॉना ऑफ इंडिया'मधला पॉलिकीटांचा जाडजूड खंड १९५३ मध्ये अलाहाबादला छापला गेला, आणि पुढे कित्येक वर्षं भारतात पॉलिकीट ओळखायचे म्हणजे फोव्हेल उघडायचा. पुस्तक उत्तम, कष्ट अफाट, यात वादच नाही. पण हेच गृहस्थ १९२३ आणि १९२७ मध्ये फ्रान्सच्या पॉलिकीटांचे दोन खंड लिहून बसले होते. त्या काळची समजूतच अशी होती की या किड्यांच्या जाती जगभर पसरलेल्या असतात. तेव्हा युरोपातली कितीतरी नावं आपल्या किनाऱ्यावर आली आणि राहिली. गोऱ्या साहेबाने दिलेली रस्त्यांची नावं आपण बदलली, किड्यांची मात्र तशीच.

आणि मग १९६९ ची गोष्ट. त्या वर्षी सप्टेंबरात अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्ट फाल्मथजवळ 'फ्लॉरिडा' नावाचा तेलाचा तराफा खडकावर आपटला आणि सुमारे सात लाख लिटर इंधनतेल समुद्रात गेलं. जवळच वुड्स होलची संशोधन संस्था, त्यामुळे नंतर काय झालं याच्या बारकाईने नोंदी झाल्या. तेलाने बाकीचे प्राणी मेले आणि कॅपिटेलाचं पीक आलं. तिथले फ्रेडरिक आणि ज्युडिथ ग्रासल हे जोडपं हे किडे पाळून बघू लागलं. १९७६ मध्ये त्यांनी 'सायन्स'मध्ये लिहिलं की ज्याला सगळे एक जात समजतात त्यात निदान सहा आहेत. दिसायला जवळपास सारख्या, पण एन्झाइम वेगळी, अंड्यांचे आकार वेगळे, आणि पोरं वाढवायच्या तऱ्हा वेगळ्या. काहींची पिल्लं काही तासांत तळाला बसतात, काहींची कित्येक दिवस पाण्यात तरंगत लांब जातात.

आता विचार करा. प्रदूषणानंतर कोण किती लवकर परत येतं, कुठून येतं, हे सगळं या तऱ्हांवर अवलंबून. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आपण या किड्याकडे बघतो तीच गोष्ट जातीजातीत वेगळी, आणि केस मोजून ती जात कळत नाही. त्यातल्या 'जात क्रमांक एक'ला नाव मिळायला २००९ उजाडावं लागलं: कॅपिटेला टेलेटा. तिचा अख्खा जीनोम २०१३ मध्ये छापून आला. त्याच २००९ मध्ये जेम्स ब्लेक यांनी ग्रीनलंडच्या किड्यांवरून मूळ कॅपिटाटाचं नव्याने वर्णन केलं आणि एक अधिकृत नमुना ठरवून दिला. खरी कॅपिटाटा ही उत्तरेकडच्या थंड पाण्यातली, असं त्यातून दिसतं. २०१७ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या तथाकथित कॅपिटाटांतून नव्या जाती निघाल्या. आपल्या कोकणच्या किंवा गोव्याच्या चिखलात ग्रीनलंडचा किडा नांदतो यावर विश्वास ठेवायला मला तरी काही कारण दिसत नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. शरीररचना बघून जिथपर्यंत खात्रीने जाता येतं तिथपर्यंत जावं, म्हणजे प्रजातीपर्यंत. पुढे 'जात अनिश्चित' असं लिहावं. दारात आलेला माणूस कुलकर्णी आहे एवढं कळलं, तर कुलकर्णी आले होते असं सांगावं. ते सुधाकरच होते असं ठोकून देऊ नये, गावात कुलकर्णी ढीगभर आहेत.

हे मी ज्यांच्याशी बोलते त्यांचे दोन आक्षेप असतात. पहिला व्यवहारी. "मॅडम, तक्त्यात जातीचा रकाना आहे, तो रिकामा कसा ठेवायचा? अहवाल अर्धवट दिसतो." एका ठिकाणी तर मला सांगितलं गेलं, की अनिश्चित असं लिहिलं की पैसे देणाऱ्याला वाटतं तुम्हाला येत नाही. यावर मी काय बोलणार? भरलेला रकाना आणि बरोबर रकाना यांत फरक आहे हे पैसे देणाऱ्याला सांगणं हे आपल्या कामातच येतं. शिवाय बहुतेक निर्देशांकांना त्या नावाची तशी गरजही नसते. आडनावावर गट ठरतो. ज्याची गरज नाही असं खोटं कशाला लिहायचं? आणि जी मोजणी खरोखर निकाल फिरवू शकते, ती चार की पाच आणि नऊ की दहाची, तिला मात्र वेळ नसतो. कुटुंब ओळखलं, लाल आहे, बारीक आहे, चिखल काळा आहे, लिहा कॅपिटेला कॅपिटाटा. मेडिओमास्टस त्याच बशीत त्याच रंगाचा पडलेला असतो, पण त्याची गणना इतक्या बदनाम गटात होत नाही. शंभर मेडिओमास्टस कॅपिटेला म्हणून लिहिले तर बऱ्या खाडीला आजारी ठरवलं जाईल. उलट झालं तर आजारी खाडीला बरं असल्याचा दाखला मिळेल, आणि तिथल्या मासेमाऱ्याने वास येतो म्हणून कितीही ओरडलं तरी कागद त्याच्या विरुद्ध.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. "आता डीएनए आहे की! कशाला डोळे फोडता?" हा मी उडवून लावत नाही. ग्रासल जोडप्याने जे दाखवलं ते बघता जातीपुरतं बोलायचं तर रेणूंशिवाय गत्यंतर नाही, हे मी आत्ताच लिहिलं. तरुण मुलं जनुकावरून ओळख पटवायला शिकतायत याचा आनंदच आहे. पण त्या यंत्राला तुम्ही किड्याचा तुकडा दिला की ते काय करतं? त्याची अक्षरं वाचतं आणि साठ्यात जुळणारी अक्षरं कुणाची ते बघतं. साठ्यातल्या त्या अक्षरांवर नावाची चिठ्ठी कुणी लावली? कुणीतरी मोजून. त्याने घाईत कॅपिटाटा लिहिलं असेल तर यंत्रही कॅपिटाटाच म्हणणार, आणि आता ते संगणकाने सांगितलं म्हणून कुणी शंकाही घेणार नाही. साठ्यात जुळणारं काही नसेल तर तुमच्या हातात नुसती अक्षरं राहतात. आणि फॉर्मॅलिनमध्ये वर्षानुवर्षं पडलेल्या बाटल्यांतून डीएनए काढणं महाकठीण. ३० वर्षांपूर्वी खाडीत काय होतं हे विचारायचं तर त्या जुन्या किड्याच्या अंगावरचे केसच तेवढे बोलतात.

तेव्हा यंत्र घ्या, जरूर घ्या. पण मोजणारा माणूस काढून टाकून त्याच्या पगारात ते घेऊ नका. हल्ली नेमकं तेच होताना दिसतं. पॉलिकीट ओळखणारी जी थोडी माणसं गोव्याला, कोचीला, मुंबईत तयार झाली, ती कुणाच्या तरी शेजारी बसून तयार झाली. ही विद्या पुस्तकातून अर्धीच येते. क्रिस्टियन फॉचाल्ड यांचं १९७७ चं प्रजाती ओळखायचं पुस्तक ('गुलाबी पुस्तक' म्हणतात त्याला, मुखपृष्ठावरून) समोर उघडं असतं, पण आकड्याची टोपी दिसली की नाही हे शेजारच्याने "हं, फोकस जरा खाली घे" म्हटल्यावरच कळतं. भात शिजला की नाही हे बोटाने दाबून बघायला शिकवतात, तसंच.

असो. खूप झालं. ज्यांना या कामात हात घालायचाय त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी, मला कुणी विचारलं नसलं तरी :-) किडा वळलेला असेल तर ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून काचेने हलकेच दाबा, सरळ होतो. मेथिल ग्रीनच्या पाण्यात थोडा वेळ बुडवलात तर अंगावर हिरवे पट्टे उठतात, ते कुठे गडद आणि कुठे फिके हे लिहून ठेवा. रंग नंतर धुऊन जातो. आकडे कितव्या वलयापासून सुरू झाले त्याचं चित्र काढा, कितीही वाकडंतिकडं आलं तरी. दर बशीतले पाच-दहा किडे अल्कोहोलमध्ये वेगळे ठेवा, म्हणजे पुढे कुणाला डीएनए काढायचा तर काढता येईल, आणि कुणाला तुमची मोजणी तपासायची तर तीही तपासता येईल. अहवाल छापून झाला की या बाटल्या फेकायच्या नाहीत. आणि बाटलीतली चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते, आणि मग किडा शाबूत राहतो पण तो कुठल्या खाडीचा हे कुणालाच सांगता येत नाही.